हेळवाक ते कराड, पुढच्या दोन चाकांवर

दिवाळीच्या सुट्टीत अब्बा, अम्मी आणि मी चिपळूणला खालाकडे गेलो होतो. गाडी अब्बांचीच, जुनी फोर बाय फोर जीप. नजर कमी झाल्यापासून त्यांनी स्टिअरिंग माझ्याकडे दिले होते. पण ते सपाट रस्त्यापुरते. घाट माझ्या हाती द्यायला त्यांचे मन तयार होत नव्हते. परतताना मीच हट्ट धरला.

पोफळी मागे पडली आणि कुंभार्ली घाट सुरू झाला. या पोफळीची एक गंमत आहे. कोयनेचे पाणी खरे तर पूर्वेकडे, कृष्णेला जाणारे. पण विजेसाठी ते बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला पोफळीत उतरवले आणि तिथून वाशिष्ठीला मिळाले. हे मी अम्मीला सांगत होते, तेवढ्यात गिअर बदलताना खालून ‘कट्ट’ असा आवाज आला.

“क्रॉस गेला वाटतं,” अब्बा म्हणाले. “हळू चल, बेटा.”

घाटमाथा ओलांडेपर्यंत आवाज वाढला, बूड थरथरू लागले. हेळवाकला गाडी कडेला घेतली. कोयना इथपर्यंत दक्षिणेकडे वाहत येते आणि इथेच काटकोनात वळून कराडकडे जाते. त्या वळणाजवळच आमची गाडी अडली.

गॅरेजवाला खाली शिरला आणि लगेच बाहेर आला. “चाचा, मागच्या शाफ्टचा क्रॉस संपलाय. असेच गेलात तर शाफ्ट सुटून रस्त्यात रुतेल आणि गाडी उलटेल. क्रॉस कराडहून आणावा लागेल. पण सणाची दुकाने बंद आहेत.”

दुसऱ्या दिवशी माझी शाळा उघडणार होती. शिवाय गाडी सोडून यायला अब्बा तयार नव्हते. गॅरेजवाल्यानेच मार्ग काढला. एरवी आमची जीप मागच्या चाकांवर चालते. फोर व्हीलचा दांडा ओढला की पुढची चाकेही ओढू लागतात. मागचा शाफ्ट पूर्ण काढून ठेवायचा, दांडा ओढायचा आणि फक्त पुढच्या चाकांवर घर गाठायचे.

“कोरड्या डांबरावर फोर व्हील लावायचं नसतं ना?” मी विचारले.

“बरोबर आहे, मॅडम. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, म्हणून ताण येतो. पण मागचा शाफ्टच नाही म्हटल्यावर ताण कुठला?”

बोल्ट काढण्याआधी त्याने तेलकट जोड फडक्याने पुसले आणि काहीतरी शोधू लागला. शाफ्ट परत त्याच जागी बसावा म्हणून खूण करायची होती. माझ्या पर्समध्ये खडू निघाला. शाळेबाहेर खडूचा असा उपयोग मी प्रथमच पाहिला.

शाफ्ट मागच्या बाकाखाली बांधून त्याने बजावले, “तिशीच्या वर जाऊ नका. लो गिअर लावू नका, सगळा जोर पुढच्या ॲक्सलवर येतो. आणि तुमचा हँडब्रेक या शाफ्टच्याच तोंडावर आहे. आता तो मागची चाकं धरणार नाही. थांबलात की गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.”

दिवस कलत होता. अब्बा म्हणाले, “सरक, मी घेतो.” अम्मी काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. तिन्हीसांजेला अब्बांना समोरचा माणूस धड दिसत नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक होते.

“अब्बा, तुम्ही रस्ता सांगा, मी चालवते,” मी म्हणाले. ते क्षणभर थांबले आणि दुसऱ्या बाजूने चढले.

स्टिअरिंग जड झाले होते. ॲक्सिलरेटर दाबला की ते हातातून ओढल्यासारखे होई. उजवीकडे कोयना, दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे भारे, मागे वाहनांची रांग. मी ज्याला त्याला हात दाखवून पुढे काढत होते.

पाटणच्या अलीकडे रस्त्याचे काम चालू होते. वळसा खडीचा आणि चढाचा. निम्म्यावर पुढची चाके नुसती फिरू लागली. मी ब्रेक दाबून धरला. घाम फुटला.

अब्बा उतरले, अम्मीलाही उतरवले. “सावकाश मागे खाली घे. आता गाडी फिरव आणि उलटी चढव.”

“उलटी?”

“चढावर वजन खालच्या बाजूला येतं. उलटी घातलीस की पुढची चाकं खाली राहतात, वजन त्यांच्यावर पडतं.”

खालाने दिलेली तांदळाची गोणीही त्यांनी मागून काढून पुढे ठेवली. मग चढाच्या कडेला उभे राहून हात हलवू लागले. मी बिस्मिल्लाह म्हटले आणि मान मागे वळवून, अब्बांच्या हातावर नजर ठेवून रिव्हर्स घेतला. चाके एकदा घसरली, मग त्यांनी खडी धरली. गाडी वर आली.

कराडला पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती. दारात गाडी गिअरमध्ये ठेवली. अब्बांनी अंधारात चाचपडत दगड आणून चाकाला लावला.

चार दिवसांनी नवा क्रॉस बसला. खडूच्या खुणा पुसट झाल्या होत्या, तरी जुळल्या. त्या संध्याकाळी अब्बांनी गाडीच्या दोन्ही चाव्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, “मे महिन्यात पुन्हा चिपळूणला जाऊ. घाट तूच चढव.”