नेपथ्यातला माणूस

संस्कृत नाटकाच्या संहितेत ‘नेपथ्ये’ अशी सूचना येते तेव्हा आवाज पडद्यामागून येत असतो. बोलणारा दिसत नाही. नेपथ्य म्हणजे नटांनी वेष करण्याची, प्रेक्षकांच्या नजरेआडची जागा. मराठीत मात्र हा शब्द मागून पुढे आला. आज आपण नेपथ्य म्हणतो ते डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या देखाव्याला. हा अर्थबदल मी दरवर्षी वर्गात सांगते, मुले तो लिहून घेतात, आणि दरवर्षी तो सांगताना मला माझे आजोबा आठवतात. शब्द पुढे आला. ते मागेच राहिले.

आजोबा शीव कोळीवाड्यातले, खाडीत मासेमारी करणाऱ्या घरातले. १९५० च्या सुमारास ओळखीतल्या कुणाच्या तरी शब्दावरून ते एका फिरत्या संगीत नाटक मंडळीत पडदे ओढण्याच्या कामाला लागले आणि पुढली बारा-तेरा वर्षे तिच्याबरोबर हिंडले. गाण्याचे अंग त्यांना नव्हते, पण दोर कळत होता. ज्याने होडीचे शीड चढवले आहे त्याला कप्पीवरून वर जाणारा रंगवलेला पडदा परका वाटत नाही. ओझे एका लयीत वर न्यायचे, मध्ये अडखळायचे नाही, आणि मारलेली गाठ हव्या त्या क्षणी एका हिसक्यात सुटली पाहिजे. जंगल, महाल, रस्ता, देऊळ ही सगळी सृष्टी त्यांच्या लेखी वजनावरून ओळखायची गोष्ट होती. सर्वांत जड महाल, कारण त्यावर रंगाचे थर अधिक.

संगीत नाटक मंडळ्यांच्या आयुष्याविषयी मराठीत काही कमी लिहिले गेलेले नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, त्यानंतरच्या अर्धशतकातील बिऱ्हाडे, तालमी, पंगती, भागीदारांचे तंटे आणि कर्जे हे सारे नटांच्या आठवणींतून आपल्यापर्यंत पोहोचले आहे. गणपतराव बोडसांचे ‘माझी भूमिका’, चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ ही आत्मचरित्रे तर अभ्यासक्रमांतूनही वाचली गेली. पडदे रंगविणाऱ्या पु. श्री. काळ्यांचेही पुस्तक आहे. परंतु पडदा रंगविणाऱ्याला निदान नाव असते. तो ओढणाऱ्याचे पुस्तक नाही, आणि ते नाही हे जाणवण्याइतकी जागाही आपल्या इतिहासात कुणी मोकळी ठेवलेली नाही.

२००२ साली मी एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि संगीत नाटकावर प्रबंध लिहीत होते. आजोबा त्याच घरात, ओटीवर, माझ्यापासून दहा पावलांवर बसलेले असत. मी संदर्भांसाठी गिरगावच्या साहित्य संघापर्यंत जाई. ओटीवर जाई ती फक्त चहा देण्यासाठी. एकदाच, प्रबंध जवळजवळ पुरा झाल्यावर, केवळ एखादे शोभेचे अवतरण मिळावे म्हणून मी विचारले, ‘आजोबा, तुमच्या कंपनीत गाणं सर्वांत चांगलं कोणाचं होतं?’ ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मी पुढून नाटक कधी पाह्यलं नाय.’

नंतर ते जे बोलले ते मी टिपून घेतले नाही, पण विसरलेलेही नाही. विंगेतून नटाचा चेहरा दिसत नाही. पाठ दिसते, मानेवरचा घाम दिसतो आणि पाय दिसतात. मोठी तान घेण्याआधी गाणारा टाच किंचित उचलतो. ती खाली टेकली की गाणे संपले. टाळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, टाळ्या तान संपायच्या आधीच पडतात. पडदा सोडायचा तो टाचेकडे बघून. आणि ‘वन्स मोअर’ आला, की दोर पुन्हा हाताभोवती गुंडाळून उभे राहायचे. त्या एका ‘वन्स मोअर’मागे आचाऱ्याची चूल अर्धा तास अधिक जळते, सामानाची बांधाबांध तेवढी लांबते, आणि पुढच्या गावची पहाटेची गाडी तेवढी जवळ येते.

मला हे प्रबंधात बसणारे वाटले नाही. त्यात नाव नव्हते, साल नव्हते, राग नव्हता. मी ते सोडून दिले.

घरात नाटक हा शब्द शिवीसारखा होता, त्याचे कारण मला फार उशिरा कळले. पावसाळा सोडून उरलेले आठ महिने मासेमारीचे, आणि गावोगावी मंडप घालून नाटके करायचे महिनेही नेमके तेच. दोन्ही हंगाम एकच असल्यामुळे आजोबा होडीला कायमचे पारखे झाले, आणि पावसाळ्यात दोन्हीकडून हात रिकामे. घर आजीच्या मासळीच्या पाटीवर चालले. शेवटी ती मंडळी बंद पडली तेव्हा कित्येक महिन्यांचा पगार बुडाला, तो बुडालाच. रेडिओवर नाट्यगीत लागले की आजी उठून तो बंद करी. मी मराठी घेऊन एम. ए. करते आहे आणि विषय संगीत नाटक आहे हे कळल्यावर तिने एवढेच विचारले, ‘तुला तरी पैसं देतान काय त्याचं?’ आम्ही सगळे हसलो. आजोबा हसले नाहीत.

१२ मार्च १९११ रोजी, ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, बालगंधर्वांची मुलगी गेली आणि तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले, ही कथा आपण कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतो. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला ‘संयुक्त मानापमान’, त्यात केशवराव भोसल्यांचा धैर्यधर आणि बालगंधर्वांची भामिनी, आणि तीनच महिन्यांनी केशवरावांचा मृत्यू, ही कथाही तशीच. मीही त्या सांगते, आणि सांगताना माझा आवाज अजून भरून येतो. त्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. पण त्या दोन्ही रात्री दोर कुणाच्या तरी हातात होताच. त्याच्या घरी त्या दिवशी काय घडले होते हे कुणी विचारले नाही. विचारले असते तरी त्याला आपण निष्ठा म्हटले नसते, नोकरी म्हटले असते.

आजोबा २००४ साली गेले. प्रबंधाला चांगले गुण मिळाले. ग्रंथसूची लांबलचक होती आणि तिच्यात त्यांचे नाव नव्हते. आता मी संगीत नाटकाच्या ध्वनिमुद्रिका वर्गात ऐकवते, तेव्हा गाणे संपत आले की मुले टाळ्या वाजवू लागतात. मी थांबते. ध्वनिमुद्रिकेत टाच दिसत नाही.