वाळूचं तेल आणि गाळलेले तीन चरण

काल रात्रीपासून भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय. आता तुम्ही सापडलात!

भाचीचा गृहपाठ होता, म्हणीचा अर्थ लिहा. वाळू रगडून तेल काढायची ती म्हण, आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेली. अर्थ झोपेतही सांगेन: प्रयत्न केले की अशक्यही शक्य होतं. तेवढं लिहून मोकळं व्हायचं, तर कार्टी विचारते, "मामा, पण वाळूत तेल असतं कुठे?" खरंच की! घाण्यात तीळ घालतात, करडई घालतात, शेंगदाणे घालतात. वाळू कोण घालतं?

म्हणून मूळ शोधायला बसलो आणि चहा पार गार झाला. ही मुळात म्हण नाहीच! सतराव्या शतकातल्या वामन पंडितांनी भर्तृहरीचं नीतिशतक मराठीत आणलं, त्यातल्या एका श्लोकाचा हा चरण. चारांतला फक्त पहिला! दुसऱ्यात तहानलेला माणूस मृगजळ पिऊन तहान भागवतो. तिसऱ्यात रानात भटकताना सशाचं शिंग सापडतं. सशाचं शिंग! जे कधीच नसतं त्याचा दाखला म्हणून शास्त्री लोक वंध्यापुत्र, आकाशपुष्प यांच्या पंगतीला बसवतात, तेच हे शशशृंग. आणि एवढा खटाटोप कशासाठी? चौथ्या चरणासाठी. हे सारं एक वेळ घडेल, पण मूर्खाचं मन काही वळवता येणार नाही! संस्कृतात तर नुसता मूर्ख नाही, आपलंच धरून बसलेला मूर्ख आहे.

म्हणजे प्रयत्नांचं कौतुक वगैरे काही नाही. अशक्य गोष्टींची उतरंड रचलीय आणि सगळ्यांच्या वर मूर्खाला बसवलाय. नीतिशतकाच्या या भागाचं नावच मूर्खपद्धती! अलीकडच्याच श्लोकात मगरीच्या दाढेतलं रत्न, खवळलेला समुद्र, चिडलेला साप फुलासारखा डोक्यावर, आणि शेवटी पुन्हा तोच मूर्ख. भर्तृहरीला असे किती भेटले असतील, देव जाणे.

मूळ श्लोक पृथ्वी वृत्तात, वामन पंडितांचा शिखरिणीत. दोन्हींत चरणाला 17 अक्षरं, पण चाल निराळी. मी रात्री स्वयंपाकघरात दोन्ही मोठ्यानं म्हणून पाहिले. बायकोनं दार लावून घेतलं.

तुमच्या फडताळात नीतिशतक असेल तर आजच काढा, आणि चौथ्या चरणापर्यंत वाचा.