सुकेळ्यांचा आठवडा

बाईंनी सांगितले की 'माझी सहल' आणि 'माझा आवडता पक्षी' सोडून या वेळी भित्तिपत्रकासाठी घरातले काहीतरी खरे लिहा. म्हणून मी आमच्या घरचा डिसेंबर महिन्यातील एक आठवडा लिहिते. त्यात माझी एक चूकही आहे. ती लिहू की नको असे झाले होते. पण आजी म्हणाली, "लिही. झाकून ठेवायची ती सुकेळी, चूक नव्हे."

आमची वाडी पापडीस आहे. घरासमोर विहीर, मागे गोठा आणि भोवती केळी, नारळ, अळू व पालेभाजीचे वाफे. घरात आजोबा, आजी, बाबा, आई, मी व धाकटा भाऊ अशी सहा माणसे. कपिला गाय धरली तर सात.

रविवारी सुकेळी घालायला घेतली. पावसाळा संपून कडक ऊन पडू लागले की आजी दर वर्षी सुकेळी करते. त्याला राजेळी केळीच लागतात. ती लांब आणि जाड असतात. तीन लोंगर आधीच पेंढ्यात झाकून पिकत ठेवले होते. सकाळी आम्ही सगळे सोलायला बसलो. केळे हळू सोलावे लागते. बोट रुतले तर तेथे काळा डाग पडतो. भावाने दोन मोडली व लगेच खाल्ली. ती मुद्दाम मोडली असे मला वाटते. उरलेली केळी मी मोजली. ती २०८ भरली. बांबूच्या मांडवावर चटई घालून त्यावर ती ओळीने मांडली.

सुकेळ्यात साखर घालत नाहीत, तेल नाही, काहीच नाही. नुसत्या उन्हाने केळे आटते, तांबूस होते आणि मधासारखे गोड लागते. पण सात-आठ दिवस त्याची राखण करावी लागते. दिवसभर ऊन द्यायचे. सूर्य मावळायच्या आत गोळा करून केळीच्या सुक्या पानांत गुंडाळायचे. सकाळी ऊन वर आले की पुन्हा मांडायचे. आजी म्हणते, "सुकेळ्याला ऊन दाखवावं, दव दाखवू नये." २०२१ साली डिसेंबरच्या सुरुवातीलाच अवकाळी पाऊस आला होता. त्या वर्षी आजीचा पूर्ण घाणा वाया गेला होता. तेव्हापासून ती सारखी आभाळाकडे बघते.

दादरच्या एका दुकानदाराने नाताळासाठी १५ पुड्या सांगितल्या होत्या. एका पुडीत १२ सुकेळी. आजीने १५ पुड्यांचा शब्द दिला होता.

सोमवारी पहाटे बाबा अळूच्या जुड्या व केळीची पाने घेऊन वसई रोड स्टेशनवर गेले. तेथून लगेजच्या डब्यातून दादरला माल जातो. ते गेले आणि इकडे विहिरीवरची मोटार जळली. मेथी नुकतीच उगवली होती. पाणी नाही तर ती माना टाकणार. आजोबा म्हणाले, "आमच्या वेळी रहाट होता. बैल फिरायचा, गाडगी भरून पाणी यायचं. तो कधी जळला नाही." मी म्हटले, "पण आजोबा, आता बैल कुठे आहे?" ते म्हणाले, "बैल नाही, पण तू आहेस." मग मी आणि आई झारीने बावखलातले पाणी आणून वाफ्यांना घातले.

ज्यांना बावखल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बावखल म्हणजे वाडीतले खणलेले तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि विहिरीला गोडे पाणी राहते. आपल्याकडे समुद्र जवळ आहे. गोडे पाणी कमी झाले की विहीर खारट होते. पुष्कळ ठिकाणी बावखले बुजवून टाकली आहेत. आमचे आजोबा आमचे बुजवू देत नाहीत. त्या दिवशी मला त्याचे कारण कळले. सोळा झाऱ्या वाहिल्यावर हातही दुखले.

मंगळवारी बाबा मोटार दुरुस्तीला घेऊन गेले आणि आईला ताप आला. शेजारच्या मावशींनी त्यांच्या विहिरीवरून आमच्या वाफ्यांपर्यंत पाइप टाकून दिला. त्यांच्या घरी नाताळाची गडबड चालली होती, तरी त्या आल्या. रात्री बाबांनी भाकऱ्या केल्या. एक भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली. भाऊ म्हणाला, "मला मुंबई नको, नागपूर द्या." तापातही आई हसली.

आता बुधवार. आजी आईला घेऊन दवाखान्यात निघाली. बाबा मोटारीच्या मागे होते आणि आजोबांना संध्याकाळी नीट दिसत नाही. आजी मला म्हणाली, "बाय, शाळेतून आलीस की उन्हं कलायच्या आत सुकेळी झाक. विसरू नको." मी म्हटले, "नाही विसरणार."

शाळा सुटल्यावर शेजारच्या मैत्रिणीने हाक मारली. त्यांच्या अंगणात नाताळाचा गोठा बांधायचे काम चालले होते. गवताचे छप्पर, मातीची मेंढरे, वर कागदाची चांदणी. मला वाटले, पाच मिनिटे बघून येऊ. मग मी चांदणीला सोनेरी कागद चिकटवू लागले. नंतर मेंढरांना कापूस लावला. घरी आले तेव्हा अंधार पडला होता. आजी आईला पेज भरवत होती. तिने विचारले, "झाकलीस ना?" माझ्या तोंडून "हो" निघून गेले. मला वाटले, आता गुपचूप जाऊन झाकीन. पण मागे मिट्ट काळोख होता आणि मला भीती वाटली. मी तशीच झोपले.

गुरुवारी कोणी उठायच्या आत मी मांडवाकडे धावले. सगळी सुकेळी दवाने ओली झाली होती. मी ती फ्रॉकने पुसली, पानांत गुंडाळली आणि ऊन आल्यावर आजीसमोरच पुन्हा मांडली. आजीला काही कळले नाही. ती म्हणाली, "माझी बाय शहाणी झाली." ते ऐकून मला रडू येत होते. त्या दिवशी शाळेत गणिताची चाचणी होती. मला येत असलेला भागाकारही चुकला.

शुक्रवारी सकाळी पाने उघडली तेव्हा कडेच्या काही सुकेळ्यांवर पांढरे ठिपके दिसले. ती बुरशी होती. आजी चष्मा लावून बघत राहिली आणि स्वतःशीच पुटपुटली, "माझंच काहीतरी चुकलं असेल. डोळे गेले आता माझे. पुढच्या वर्षी करायलाच नको."

ते मला सहन झाले नाही. मी म्हटले, "आजी, तुझे डोळे चांगले आहेत. बुधवारी मी झाकली नव्हती. खोटं बोलले."

मला वाटले आजी मारील. तिने मारले नाही. ती बराच वेळ काही बोललीच नाही. त्यापेक्षा मार परवडला असता. मग ती म्हणाली, "बुधवारी रात्री सांगितलं असतंस तर बॅटरी घेऊन दोघींनी गोळा केली असती. चुलीच्या उबेला ठेवली असती. एकसुद्धा गेलं नसतं." नंतर तिने मला शेजारी बसवले आणि एकेक सुकेळे हातात देऊन कसे बघायचे ते शिकवले. डाग असलेले बाजूला. त्याला लागून असलेलेही बाजूला. मी म्हटले, "त्याला तर डाग नाही." ती म्हणाली, "आज नाही. पुडीत घातल्यावर येईल, आणि बाकीची अकरा घेऊन जाईल. घेणाऱ्याला फसवायचं नाही." ३७ सुकेळी खताच्या खड्ड्यात टाकली. टाकताना मी मोजत होते. राहिली १७१.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा होती. मोटार दुरुस्त होऊन आली. पाटात पाणी आले तेव्हा भाऊ त्यात नाचला. आईचा ताप उतरला. संध्याकाळी आजी ओट्यावर बसून अळूच्या जुड्या बांधत होती. तिने मला हाक मारली आणि म्हणाली, "सुकेळी झाकायची वेळ झाली. जा, तूच झाक." ती मागे बघायलाही आली नाही. मी एकेक सुकेळे गोळा केले, पाने घट्ट गुंडाळली आणि वर गोणपाट टाकले. शेजारून मैत्रीण हाक मारत होती. मी ओरडून सांगितले, "झाकून मग येते!" तर तीच येऊन मला मदत करू लागली.

अजून दोन दिवस ऊन दिले आणि मग पुड्या बांधल्या. सुक्या पानात बारा सुकेळी ठेवून वरून केळीच्या सोपटाने बांधतात. १४ पुड्या झाल्या आणि ३ सुकेळी उरली. आजीने दुकानदाराला फोन करून सांगितले, "एक पुडी कमी आहे. आमच्याकडून हयगय झाली." तिने माझे नाव घेतले नाही. 'आमच्याकडून' म्हणाली.

उरलेली तीन सुकेळी आजीने मावशींच्या घरी नाताळाची भेट म्हणून दिली, कारण अडचणीत त्यांनी पाणी दिले होते. आमच्या घरी या वर्षी एकही उरले नाही. भावाने विचारले, "माझं कुठे आहे?" त्याला मीच उत्तर दिले.

त्या आठवड्यात मी पुढील गोष्टी शिकले. पाणी असताना त्याची किंमत कळत नाही. शेजार चांगला असावा आणि आपणही चांगला शेजारी व्हावे. बाबांनाही भाकरी येते, फक्त ती गोल येत नाही. आणि चूक झाली तर त्याच रात्री सांगावी, कारण रात्रभर दव पडत असते.

आजी पुढच्या वर्षीही सुकेळी करणार आहे. तिने मला तसे कबूल केले आहे. झाकायचे काम माझे आहे.