ताट वेगळं

२०१८ च्या पावसाळ्यात मला कोरडा खोकला लागला. ऑफिसातल्या एसीमुळे असेल म्हणून दोन महिने ढकलले. मग रोज संध्याकाळी कसकस, वजन पाच किलो कमी. एक्स-रेत छातीतल्या गाठी दोन्ही बाजूंना सुजलेल्या दिसल्या. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी घराजवळच्या डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या.

त्या दिवशी आईने माझं ताट-वाटी वेगळी केली. तीन वर्षांची लेक माझ्याकडे धावली की कोणीतरी तिला मध्येच उचलायचं.

चार महिने झाले तरी फरक शून्य. त्यात उजवा डोळा लाल, उजेड सहन होईना. स्क्रीनमुळे असेल म्हणून कोथरूडमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळा तपासून भलतंच विचारलं, "खोकला आहे का हो?"

मग छातीच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन केला, तोंडातून दुर्बीण घालून गाठीचा नमुना घेतला. निदान: सार्कॉइडोसिस. नावही कधी ऐकलं नव्हतं!

दोन्ही आजारांत पेशींचे बारीक पुंजके तयार होतात. टीबीत बहुधा ते मधून सडतात, यात सहसा नाही. यात प्रतिकारशक्तीच पेटलेली असते, नेमकी कशामुळे ते अजून कळलेलं नाही. फुफ्फुसं, डोळे, कातडी, कधीकधी हृदयही. बऱ्याच जणांचं आपोआप बरं होतं. डोळा किंवा हृदय धोक्यात असेल तर स्टिरॉइड. मेख इथेच आहे. टीबी असताना चुकून नुसतं स्टिरॉइड दिलं तर तो भडकू शकतो. म्हणून टीबी नाही याची आधी खात्री करायची.

जगातले साधारण पाव टीबी रुग्ण भारतात आहेत, त्यामुळे पहिला अंदाज चुकीचा म्हणवत नाही. पण औषध लागू पडत नाही म्हटल्यावर परत पहिल्यापासून विचार कोणीच केला नाही. मीही नाही. ऑफिसात फिक्स चालला नाही तर मी आधी निदानावरच संशय घेतो! तेव्हा मंडळी, गोळ्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारा जरूर.

वर्षभर प्रेडनिसोलोन घेतलं, डोस हळूहळू कमी करत. चेहरा भोपळ्यासारखा फुगला, साखर वाढली, पण खोकला गेला. डोळाही वाचला.

हा आजार संसर्गाने पसरत नाही, आणि टीबीसुद्धा हवेतून पसरतो, ताटातून नाही, हे आईला सांगितलं. ती काहीच बोलली नाही. रात्री मात्र तिने लेकीला माझ्याच ताटात जेवायला बसवलं.