मरीच्या साली हरवलेले नाव

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून पाठवावेत, असा शाळेचा निरोप आला तेव्हा प्रथम डोळ्यांपुढे उभे राहिले ते वसतिगृहाच्या व्हरांड्याच्या टोकाचे ग्रंथालय. सायंकाळची वंदना आटोपली की जेवणाच्या घंटेपर्यंत आम्हां मुलांना तेथे बसण्याची मुभा असे. पुस्तक हाती देण्यापूर्वी आमचे ग्रंथपाल सर विचारीत, "काय शोधतो आहेस?" नुसते "वाचायला हवे" हे उत्तर त्यांना चालत नसे. पुढे रोगांच्या इतिहासाचा अभ्यास करताना त्या प्रश्नाची किंमत मला कळली.

मी शोधत होतो माझ्या आजीच्या आजोबांना. आजी सांगे, "मरीच्या साली आमचा आजा मुंबईला गिरणीत होता. तो काही परत आला नाही." त्यांचे नाव तिला ठाऊक होते, तारीख, चाळ, मृत्यूचे ठिकाण, यांपैकी काहीच नाही. ती गेल्यानंतर हे नाव ठाऊक असणारा बहुधा मी एकटाच उरलो, आणि शोध टाळणे अशक्य झाले.

पहिली अडचण शब्दाची होती. आपल्याकडे 'मरी' म्हणजे पटकीही आणि प्लेगही. मग आजीचेच आणखी एक वाक्य आठवले: "उंदीर पडले की माणसांनी घर सोडायचे, रानात खोपटी घालायची." त्यावरून रोग ठरला आणि काळही ठरला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातील रुग्ण पाहून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईत प्लेग असल्याचे निदान केले होते. जुन्या मराठी वृत्तपत्रांतून हाच रोग 'ग्रंथिक सन्निपात' या नावाने भेटतो. ज्याला रोगाचा इतिहास शोधायचा आहे, त्याने त्या रोगाची त्या काळातील नावे आधी जमवावीत, हा पहिला धडा.

मुंबईतील एका जुन्या ग्रंथालयात मी कित्येक शनिवार घालवले. चिठ्ठी भरून द्यावी, वाट पाहावी, आणि मग बोट लागताच कडा तुटतील असे पिवळे ग्रंथ समोर यावेत. महापालिकेचे आयुक्त स्नो यांचा अहवाल, प्लेग समितीचे अध्यक्ष जनरल गेटेकर यांचा अहवाल. घरांच्या झडत्या, रुग्णांना रुग्णालयात नेणे, चुन्याची सफेदी, उजेड यावा म्हणून काढलेली कौले. 'माणसांच्या वस्तीस अयोग्य' अशा अर्थाची तीन इंग्रजी अक्षरे भिंतींवर रंगवलेली घरे. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले, हेही तेथे वाचले. त्या जमावात आजीचे आजोबा असतील का, या विचाराने मी पान उलटायचे विसरलो.

मृत्यूंचे तक्ते मात्र मोठ्या काळजीने आखलेले. ब्राह्मण, भाटिया, जैन, मुसलमान, पारशी, युरोपीय असे वेगवेगळे रकाने, आणि त्यांतच एक 'हलक्या जातीचे हिंदू' असा रकाना. आमची माणसे असलीच तर या रकान्यात. आठवड्यामागून आठवडे तेथे आकडे होते, नाव एकही नव्हते. मी ज्यांना शोधत होतो ते त्यांपैकी एखाद्या आकड्यातील 'एक' असतील. किंवा तेवढेही नसतील.

'तेवढेही नसतील' असे म्हणण्यास कारण आहे. त्या महिन्यांत एकूण मृत्यू मागील वर्षांच्या सरासरीपेक्षा जेवढे वाढले, तेवढे प्लेगच्या नावावर नोंदलेले नाहीत. उरलेले 'ताप' आणि इतर रोगांखाली गेले. घरात प्लेग म्हटला की माणूस रुग्णालयात आणि सामान आगीत, ही धास्ती होती. म्हणून लोक रोग लपवीत. शिवाय शहराची जवळजवळ निम्मी वस्ती पळून गेली होती. वाटेत किंवा गावी पोचून जो गेला, त्याची मुंबईच्या तक्त्यात जागा कुठली? म्हणून नुसता नोंदलेला आकडा वाचून भागत नाही. तो कोणी, कशासाठी नोंदला आणि लोक त्याला का भ्याले, हेही वाचावे लागते.

दुसरी गोष्ट माझ्या अहंकाराला लागली. आजीचे उंदरांविषयीचे बोलणे मी लहानपणी अडाणीपणा समजत असे. प्लेगचा जंतू येरसँ यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता. पण तो उंदरावरील पिसवांमार्फत माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. त्यावरही विद्वानांचा चटकन विश्वास बसला नाही. १९०५ पासून काम करणाऱ्या संशोधन मंडळाने मुंबईत त्याची खातरजमा केली. उंदीर मरताच घर सोडणाऱ्यांना पिसू ठाऊक नव्हती, पण त्यांचे वागणे बरोबर होते. ग्रंथालयाने मला आजीचे शब्द नव्याने ऐकायला लावले.

याच शोधात १० मार्च १८९७ ही तारीख पुन्हा समोर आली. ती आपणां सर्वांना पाठ आहे. पुण्याजवळ मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि त्याच आजाराने त्या गेल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मला तेथे थांबवले ते मुलाच्या नावाने: पांडुरंग बाबाजी गायकवाड. सरकारी तक्त्यात जो फार तर एक आकडा झाला असता, तो येथे बापाच्या नावासह, आडनावासह उभा आहे. कारण ज्यांनी ही आठवण जपली, त्यांच्या लेखी तो माणूस होता.

आजीचे आजोबा मला सापडले नाहीत. यापुढे सापडतील असेही वाटत नाही. मात्र ते का सापडत नाहीत, हे मला आता सांगता येते, आणि तेही इतिहासाचेच एक पान आहे.

प्लेगच्या धास्तीत १८९७ साली झालेला साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा लागू झाला, तेव्हा आपणही एका साथीच्या तक्त्यांतील आकडे झालो. आपल्यातील कोण गेले, कोणी कोणाला डबा पोचवला, कोणाच्या अंत्यविधीला कोणी जाऊ शकले नाही, हे अजून आपल्या आठवणीत आहे. कागदावर फारच थोडे आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती करतो. शाळेच्या ग्रंथालयात मी एक जाड बांधणीची वही दिली आहे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून तीत लिहावे: गेलेल्याचे नाव, गाव, आजार, हकिगत, सांगणाऱ्याचे नाव आणि लिहिल्याची तारीख. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश भारताच्या वैद्यकीय इतिहासाचे कागद संगणकावर सर्वांसाठी खुले केले आहेत. वरच्या वर्गातील मुलांनी शिक्षकांच्या मदतीने ते आणि ही वही शेजारी ठेवून वाचावीत. पहिल्या पानावर आजीच्या आजोबांचे नाव लिहिले आहे. मृत्यूच्या तारखेची जागा कोरी ठेवून पुढे एवढेच नोंदवले आहे: 'मरीच्या साली मुंबईला गिरणीत होते. नातीच्या तोंडून ऐकलेले.'