डाल्टन मार्गाने दक्षिणेकडे : कॅरिबूच्या मांसाचा थंड प्रवास

अलास्काच्या उत्तर टोकाशी असलेल्या डेडहॉर्स या तेलक्षेत्राच्या वस्तीपासून दक्षिणेला लिव्हनगुडपर्यंत येणारा डाल्टन महामार्ग ६६६ किलोमीटर लांबीचा असून तो १९७४ साली तेलवाहिनीच्या बांधकामासाठी काढण्यात आला, आणि सर्वसामान्य वाहनांना थेट डेडहॉर्सपर्यंत जाण्याची मुभा १९९४ साली मिळाली. ऑगस्टच्या उत्तरार्धात आणि सप्टेंबरमध्ये मालट्रकांच्या जोडीला या रस्त्यावर शिकाऱ्यांच्या गाड्या दिसतात, कारण कॅरिबू, म्हणजे रेनडिअरच्याच जातीचा रानटी प्राणी, याच काळात कळपाकळपाने येथून जातो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी असल्यामुळे मराठी वाचकाला हा सारा व्यवहार परका वाटेल. परंतु अलास्कात तो परवान्याने आणि काटेकोर नियमांनी चालतो, आणि त्या नियमांचा गाभा शिंगे नसून मांस आहे. खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा तेथे गुन्हा असून, मांसाची शेवटची खेप बाहेर निघेपर्यंत शिंगे वाहून आणता येत नाहीत.

या प्रवासाची खरी अडचण त्याच्या दिशेतच आहे. ब्रुक्स पर्वतरांगेच्या उत्तरेकडील उतारावर त्या दिवसांत पारा बहुधा शून्य ते दहा अंशांच्या दरम्यान रेंगाळतो, तर दक्षिणेतील फेअरबँक्स शहराकडे ऑगस्टमधील एखादी दुपार वीस अंशांपर्यंत चढते. म्हणजे घराकडे निघालेले मांस मैलामैलाने थंडीतून उबेकडे येत असते. उत्तरेत फुकट मिळणारी थंडी तेथेच पुरेपूर वापरून घ्यावी, गाडीतल्या बर्फावर विसंबून ती दवडू नये, हे सूत्र ज्याने पाळले त्याचे मांस टिकते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आठ किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात बंदुकीने शिकार करण्यास मनाई आहे आणि तेथे केवळ धनुष्यबाणाला परवानगी आहे. त्यामुळे बंदूकधारी शिकाऱ्याला ही आठ किलोमीटरची चाल आधी पायांनी आणि मग पाठीवर मांस घेऊन पार पाडावी लागते. या पट्ट्यात रस्ता सोडून जीपगाडी नेता येत नाही. टुंड्रा, म्हणजे झाडे नसलेले ध्रुवीय माळरान, दुरून सपाट दिसले तरी गवताच्या डगमगत्या गड्ड्यांनी आणि मधल्या पाण्याने भरलेले असते, आणि पाऊल गड्ड्यावर ठेवावे तर तो कलंडतो, मध्ये ठेवावे तर ते घोट्यापर्यंत रुतते. पूर्ण वाढलेला नर सरासरी १६० ते १८० किलोंचा असल्याने मांस एका खेपेत निघत नाही. पहिला भाग रस्त्याशी पोहोचतो तेव्हा उरलेला अजून माळावरच असतो.

म्हणून थंड करण्याचे काम जनावर पडल्या जागीच सुरू करावे लागते. जिवंतपणी त्याच्या शरीराचे तापमान ३८ अंशांच्या पुढे असते आणि मृत्यूनंतरही पोटातील चारा आंबत राहून उष्णता निर्माण होते. शिवाय कॅरिबूचे केस आतून पोकळ असल्यामुळे, उणे चाळीस अंशांत जनावराला जगवणारे तेच कातडे मेल्यानंतर आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. पोट रिकामे करणे, कातडे उतरवणे आणि पुढचे खांदे व मागच्या तंगड्या सुट्या करणे ही कामे म्हणूनच लागोपाठ होतात. सर्वांत दगाबाज जागा मागच्या तंगडीच्या खुब्याची असते. जाड मांसाच्या आत दडलेल्या या सांध्याभोवती उष्णता कोंडून राहते, बाहेरून बोटाला गार लागणारी तंगडी आत कोमटच असते, आणि अशा वेळी सडण्याची सुरुवात हाडापासून होते. सुरी घातल्यावर हाडालगत हिरवट छटा आणि आंबूस वास आढळला, तर तो भाग गेला असे समजावे. अनुभवी शिकारी मांडीच्या हाडाच्या कडेने एक लांब चीर देऊन वाऱ्याला आत वाट करून देतात आणि तापमापकाची सळई हाडाला टेकेपर्यंत खुपसून पाहतात. चार अंशांच्या वर जिवाणूंची वाढ वेग घेते, हा अन्नसुरक्षेतील सर्वमान्य दंडक येथेही लागू पडतो.

मात्र अतिघाईही बाधते. मृत्यूनंतर स्नायू काही तासांनी ताठरतात आणि त्यांची आम्लता वाढते. ही क्रिया पुरी होण्यापूर्वीच मांस साधारण दहा अंशांच्या खाली गेले तर स्नायूंचे तंतू आखडतात आणि शिजवल्यावर ते चिवट लागते. हाडावर राहिलेला स्नायू ताणलेला असल्यामुळे कमी आखडतो, म्हणून सुट्या केलेल्या तंगड्यांतील हाड लगेच काढू नये.

यानंतर मांस सच्छिद्र कापडी पिशव्यांत घालून नदीकाठच्या रेताडावर विलोच्या फांद्या रचून त्यांवर ठेवतात. वारा वरून खालून फिरला की पृष्ठभागावर कोरडी, गडद तांबडी पापडी धरते. ती माशांना आणि जिवाणूंना बराच अटकाव करते. प्लॅस्टिकच्या पिशवीत नेमके याच्या उलट घडते, ऊब आणि ओल दोन्ही कोंडली जातात. याच प्रदेशातील इन्युपिआक लोकांनी वर्षानुवर्षे न वितळणाऱ्या गोठलेल्या जमिनीत खोदलेली सिग्लुआक नावाची तळघरे पिढ्यान्‌पिढ्या मांसासाठी वापरली असून, हवामान तापत चालल्यामुळे त्यांतील काहींत आता पाणी शिरते, ही गोष्ट या विषयातील सर्वांत क्लेशदायक आहे.

गाडीत भरताना बर्फाच्या पेटीकडून नेमके काय मिळते, याचा हिशेब केलेला बरा. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो, तर एक किलो मांस एका अंशाने थंड करण्यासाठी साधारण ३.५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ५० किलो मांस तीस अंशांवर असतानाच पेटीत कोंबले, तर ते तीन अंशांवर आणण्यातच सुमारे १४ किलो बर्फ संपतो आणि झाकण व भिंतींतून शिरणाऱ्या उष्णतेचा खर्च त्याहून वेगळा. परंतु माळावरच्या एक-दोन थंड रात्रींत तेच मांस सहा अंशांवर आलेले असेल, तर दीड किलो बर्फ पुरतो. पेटी थंडी राखते, ती निर्माण करण्याचे काम तिच्यावर सोपवू नये. रत्नागिरीहून पुण्याला येणारी मासळी चुरलेल्या बर्फात गाडलेली असते आणि तिला ते मानवते. तंगडी मात्र वितळलेल्या पाण्यात भिजली की तिची पापडी सुटते, रंग पांढुरका पडतो आणि ती लवकर खराब होते. यासाठी पाण्याच्या बाटल्या घरूनच गोठवून आणणे हा सर्वांत चांगला उपाय होय, कारण वितळलेले पाणी बाटलीतच राहते आणि पुढे पिण्यासही उपयोगी पडते. मोकळा बर्फ वापरलाच तर मांस जाळीवर उचलून ठेवून पेटीची मोरी उघडी राखावी लागते.

दक्षिणेकडे निघाल्यावर १,४४४ मीटर उंचीची अटिगन खिंड ओलांडेपर्यंत हवा साथ देते. डेडहॉर्सपासून कोल्डफूट या वाटेवरच्या वस्तीपर्यंतच्या सुमारे ३८५ किलोमीटरमध्ये इंधनाची कोणतीही सोय नाही, तेव्हा वाटेत बर्फ विकत मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. धूळ दबावी म्हणून रस्त्यावर टाकलेले कॅल्शियम क्लोराइड ओल धरून चिकट राड करते, आणि ही राड ट्रकांच्या चाकांमागून उडून मागच्या सामानावर बसते. मांस उघड्यावर ठेवले तर माखते, ताडपत्रीत गच्च बांधले तर घुसमटते. येथे बहुतेक जण मांस पेट्यांत हलवून झाकणांच्या फटी चिकटपट्टीने बुजवतात, आणि हे योग्यच आहे, कारण खिंडीनंतर झाडे सुरू होतात, हवा उबदार होत जाते आणि उत्तर ध्रुववृत्त व युकॉन नदीवरचा लाकडी फरशीचा पूल मागे पडेपर्यंत वाऱ्याचा फायदा संपलेला असतो.

फेअरबँक्सला मांस कापून, वेष्टनात बांधून गोठवून देणारे व्यावसायिक आहेत. विमानाने पुढे जाणाऱ्यांसाठी उणे १८ अंशांपर्यंत टणक गोठवलेले मांस मेणाचा लेप दिलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत, थर्मोकोलचे अस्तर लावून, २३ किलोंच्या सामानमर्यादेत भरतात. त्यात कोरडा बर्फ, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड, ठेवता येतो. तो उणे ७८.५ अंशांवर पाणी न होता थेट वायू होतो आणि त्याच्या एका किलोपासून सुमारे ५०० लिटर वायू निघतो. त्यामुळे खोके हवाबंद करण्यास मनाई आहे, प्रत्येक प्रवाशाला विमान कंपनीच्या परवानगीने २.५ किलोंपर्यंतच तो नेता येतो आणि खोक्यावर तसे लिहावे लागते. हाच बर्फ बंद गाडीत शेजारच्या आसनावर ठेवून लांबचा पल्ला गाठणारा चालक स्वतःचा जीव धोक्यात घालतो, म्हणून गाडीने जाणाऱ्यांनी तो मागच्या उघड्या हौद्यातच ठेवावा आणि काचा थोड्या खाली असू द्याव्यात.