आखाजीच्या उन्हातलं जर्मेनियम

जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर जास्तच गळायला लागतो. गळते ती वीज. बेसला काहीही जोडलेलं नसताना कलेक्टरमधून थोडा प्रवाह आपोआप वाहत राहतो. सिलिकॉनमध्येही असा प्रवाह असतो, पण साध्या मीटरला तो सापडतही नाही. जर्मेनियममध्ये तो चांगला डोळ्यांत भरतो आणि दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट होत जातो. इंजिनिअर मंडळींनी जर्मेनियम सोडून सिलिकॉन धरलं, त्याचं एक मोठं कारण हेच. तरी गिटारच्या पेडलसाठी मी तेच शोधत फिरतो, आणि तेही खानदेशात.

शोधायचं कुठे, तर जुन्या रेडिओंत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ मध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवायला सुरुवात केली. चामड्याच्या खोळीतला जो सेट खांद्याला अडकवून माणसं केळीच्या मळ्यात नेत, रात्री खळ्यावर उशाशी ठेवून झोपत, त्याच्या पोटात हेच असायचे. स्पीकर हलवायला एसी १२८ ची जोडी, तिच्यामागे एसी १२५ किंवा १२६, आणि स्टेशन पकडायला एएफ मालिकेतले. एसी १२८ म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान, पत्र्याची गोल टोपी. खाली तीन तारा, आणि कलेक्टर कुठला ते कळावं म्हणून टोपीच्या कडेला रंगाचा एक ठिपका. त्याहून जुना ओसी ७१ काचेचा असतो, वरून काळा रंग दिलेला. हा रंग शोभेसाठी नाही. जर्मेनियमवर उजेड पडला तरी प्रवाह वाढतो, म्हणून त्याला अंधारात ठेवलेलं असतं. सुरुवातीच्या ओसी ७१ चा रंग खरवडला की तो प्रकाशाला प्रतिसाद देऊ लागे. तो बनवणाऱ्या कंपनीने पुढे याच गुणाचा ओसीपी ७१ स्वतंत्रपणे विकला. ऊन, उजेड, बोटाची ऊब, सगळं त्याला कळतं. मला त्याचा लळा लागला तो यामुळेच.

जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जायचं, नव्वदेक किलोमीटर. तिथे नाना या जुन्या रेडिओ मेकॅनिकने आपल्या दुकानात खोबरेल तेलाच्या पत्र्याच्या डब्यात हे सगळं जपून ठेवलंय. "ह्याले आते कोन इचारस रे भाऊ?" असं म्हणत त्यांनी तो डबा कागदावर उपडा केला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की विचारणारा समोरच बसलाय. त्यांनी चष्मा पुसला आणि स्वतःच ठिपके बघून एकेक वेगळा काढू लागले.

गिटारच्या पेडलमध्ये याचं काम काय? आयव्हर आर्बिटर यांच्या लंडनच्या कंपनीने १९६६ मध्ये 'फझ फेस' बाजारात आणला. माइकच्या स्टँडचा गोल पाया असतो तसा त्याचा आकार. आत मोजून अकरा भाग: दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट. जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली हाच होता. गिटारचा इवलासा सिग्नल हे दोन ट्रान्झिस्टर इतका वाढवतात की त्याचे शेंडे छाटले जातात. छाटलेल्या सुराला जाडी येते, कडा खरबरीत होतात. सिलिकॉनही हे करतं, पण त्याची छाटणी मला कानाला टोचते. जर्मेनियमच्या फझमध्ये सुराचा गाभा मऊ राहतो, आणि गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा मागे घेतला की तेच पेडल जवळपास स्वच्छ वाजू लागतं. वाजवणाऱ्याच्या बोटांना इतकं मानणारं दुसरं पेडल मला माहीत नाही.

पण अकरा भागांत दोन भाग असे, की एकाच कारखान्यात, एकाच नावाने निघालेले दोन नग सारखे नसतात. म्हणून तपासणी. आर. जी. कीन या अमेरिकन इंजिनिअरने तिची जी रीत लिहून ठेवली आहे तीच मी वापरतो. खर्च जवळपास शून्य. ९ व्होल्टची बॅटरी, कलेक्टरला २,४७२ ओहमचा रेझिस्टर, बेसला बटणामार्फत २.२ मेगाओहमचा. कलेक्टरच्या रेझिस्टरवर मीटर लावायचा. बटण न दाबता जे व्होल्ट दिसतात ती निव्वळ गळती. बटण दाबलं की बेसमध्ये जेमतेम चार मायक्रोअँप जातात आणि आकडा उडी मारतो. हिशेब असा बसवलेला आहे, की एक व्होल्ट म्हणजे शंभर गेन, म्हणजे प्रवाह शंभर पट वाढतो. दाबल्यावरच्या आकड्यातून आधीचा वजा केला की खरा गेन उरतो. फझ फेसला पहिल्या जागी ७० ते ८० चा लागतो, दुसऱ्या जागी ११० ते १३० चा.

सांगायला सोपं, पण यात घाई चालत नाही. ट्रान्झिस्टर चिमटीत धरून सॉकेटमध्ये बसवला की बोटाच्या उबेनेच आकडा चढलेला असतो. हात काढून थांबायचं. ०.४१, ०.३८, ०.३३... आकडा उतरत जातो, कुठेतरी थबकतो, एक कण मागे सरकतो आणि स्थिरावतो. काही स्थिरावतच नाहीत, एकटे सोडले तरी वर चढत राहतात. ते बाजूला. साधा मल्टीमीटर गळतीचा प्रवाह गेनमध्येच मिळवून १९० दाखवतो, आणि विकणारे तोच आकडा चिठ्ठीवर लिहितात. चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये. सिलिकॉनचा नग जर्मेनियम म्हणून गळ्यात मारला जात असेल तर तेही लगेच कळतं: मीटरच्या डायोड तपासणीत जर्मेनियम ०.२ च्या आसपास दाखवतं, सिलिकॉन ०.६.

आता उन्हाचा हिशेब. २५ अंशांना १०० मायक्रोअँप गळणारा नग कीनच्या मीटरवर पाव व्होल्ट दाखवतो, म्हणजे २५ चा खोटा गेन. उत्तम माल! पण पत्र्याखालच्या दुपारी, ४५ अंशांना, त्याचीच गळती ४०० च्या घरात जाते आणि खोटा गेन शंभर होतो. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्ट असावे लागतात. ते तिथून सरकतात, आणि सूर मधेच तुटतो, थुंकल्यासारखा येतो, विझतो. लंडनच्या गारठ्यात जन्मलेल्या पेडलचे निकष इथे कसे पुरे पडणार? म्हणून माझा आग्रह आहे की खानदेशात जर्मेनियमची परीक्षा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास, भर दुपारी, कूलर बंद करून घ्यावी. डिसेंबरात पहाटे सगळेच गुणी दिसतात. मेमध्ये ज्याची गळती दोनशेच्या आत राहते, तोच इथला. असे थोडे निघतात, पण निघतात. त्यांना जपून ठेवण्यापेक्षा वाजवावं असंच मला वाटतं. पेटीत ठेवलेला ट्रान्झिस्टर कुणाच्याही कानावर पडत नाही.

एएफ ११४ ते ११७ या नगांची गोष्ट निराळी. ते न वापरताही मरतात. त्यांच्या पत्र्याच्या आतून कथिलाच्या केसासारख्या बारीक तारा वर्षानुवर्षं वाढत राहतात आणि एक दिवस आतल्या पायांना टेकतात. चौथी, पत्र्याला जोडलेली तार कापली की कधी कधी जीव वाचतो.

जोडणीतही उन्हाची आठवण ठेवावी लागते. मी ट्रान्झिस्टर थेट डागत नाही, सॉकेट लावतो. डागायचाच झाला तर पाय चिमट्याने धरून, म्हणजे उष्णता चिमटा पितो. ८.२ किलोओहमच्या ठरलेल्या रेझिस्टरच्या जागी फिरवता येणारा प्रीसेट बसवतो आणि डब्याच्या तळाला त्यासाठी एक भोक ठेवतो. ऋतू बदलला की बारीक पेचकसाने साडेचार व्होल्ट पुन्हा आणायचे. पीएनपी जातीच्या या सर्किटमध्ये बॅटरीचं धन टोक जमिनीला असतं, म्हणून इतर पेडलांच्या सामाईक सप्लायवर ते चालवायचं नाही. त्याला त्याची बॅटरी वेगळी.

पहिलं धड पेडल मी लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणाऱ्या एका मुलाला दिलं. आखाजीनंतरच्या लग्नसराईत, धुळ्याजवळच्या एका मांडवात, दुपारच्या हळदीला त्याने ते वाजवलं. डबा टेम्पोच्या पत्र्यावर ठेवू नकोस, सावलीत ठेव, एवढंच त्याला बजावलं होतं. संध्याकाळी त्याचा फोन आला: "दादा, तीन गाण्यांनंतर आवाज जरा बारीक झाला होता, मी खालून पेच फिरवला, बसला." बाकी काही न सांगता त्याने दुसरं मागितलं, त्याच्या मित्रासाठी.

त्या दुसऱ्याची जुळवाजुळव सध्या चालू आहे. ११८ गेनचा, उन्हात टिकलेला एक एसी १२८ हाताशी आहे. ७५ च्या आसपासचा जोडीदार मिळत नाही. पारोळ्यात एका ओळखीच्यांच्या माळ्यावर बंद पडलेले दोन सेट आहेत असं कळलंय. रविवारी दुपारी जाणार आहे, मीटर बरोबर घेऊनच.